आजोबांची आरामखुर्ची भंगारात का जावी?

गिरगावातली एखादी चाळ पुनर्विकासासाठी रिकामी व्हायला लागली की शेवटच्या आठवड्यात जिन्याखाली सामानाचा ढीग साठत जातो. हंडे-कळशांची घडवंची, एक पाय गेलेलं मेज, पारा उडालेला आरसा आणि बहुतेक वेळा एक आरामखुर्ची. लांब हातांची, वेताच्या पाठीची, वेत मधोमध फाटलेला. भाड्याच्या खोलीत तिला जागा नसते आणि नव्या घराचं फर्निचर आधीच ठरून गेलेलं असतं. भंगारवाला सगळ्या ढिगाचा मिळून एक आकडा सांगतो, घरातली माणसं मान डोलावतात. तिथून खुर्ची जाते चोर बाजारात, मटण स्ट्रीटवर. तिथे तिला नवा वेत लागतो, गडद पॉलिश चढतं आणि काही महिन्यांनी ती लोअर परळच्या एखाद्या टॉवरमध्ये 'अँटिक व्हिक्टोरियन' म्हणून दिवाणखान्याच्या कोपऱ्यात जाऊन बसते.

गिरगाव ते लोअर परळ हे अंतर जेमतेम पाच किलोमीटरचं. तेवढ्या प्रवासात खुर्चीचं नाव बदलतं, भाव बदलतो आणि ती कोणाची होती, कोणी करून घेतली होती, तिच्यावर बसून कोण पेपर वाचत असे, ही माहिती कायमची गळून पडते.

हे थांबायला हवं. व्हिक्टोरियन फर्निचरने घर सजवणं ही मलबार हिलवाल्यांची हौस आहे, असं मध्यमवर्गीय मराठी घरांनी मनाशी धरून ठेवलं आहे. त्या समजापोटी ती स्वतःच्या घरातली सर्वांत टिकाऊ वस्तू सोडून देतात आणि हप्त्याने पार्टिकल बोर्डाचं कपाट आणतात. तिसऱ्या पावसाळ्यात त्या कपाटाचं दार बिजागरीतून निखळतं.

'व्हिक्टोरियन' या शब्दानेही बराच गोंधळ केला आहे. राणी व्हिक्टोरिया गादीवर होती 1837 ते 1901. या 64 वर्षांतलं मुंबईचं फर्निचर म्हणजे विलायतेहून बोटीने आलेला माल, असं अनेकांना वाटतं. थोडंफार तसं आलंही. पण मुंबईच्या घरांतून आज जे निघतं त्यातलं बहुतेक इथल्याच कारागिरांच्या हातचं आहे. शिसवी लाकडावर कोरलेल्या इथल्या खुर्च्या, कोच आणि मेजं तर जगात 'बॉम्बे ब्लॅकवूड' याच नावाने ओळखली जात. आकार युरोपातले, वळणदार पायांचे. पण पाठीवरची जाळी, पानं आणि वेली इथल्या हातांच्या. 1851 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जे जगप्रसिद्ध प्रदर्शन भरलं, त्यात हिंदुस्थानच्या दालनात मुंबईचं कोरीव शिसवी फर्निचरही होतं. पुढे 1857 मध्ये सुरू झालेल्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टला 1891 पासून रे आर्ट वर्कशॉप्सची जोड मिळाली आणि हस्तकलांना शाळेत अधिकृत जागा झाली.

गिरगावचा तर या व्यवसायाशी थेट धागा आहे. 1879 च्या फेब्रुवारीत मादाम ब्लाव्हाट्स्की आणि कर्नल ऑल्कॉट मुंबईच्या बंदरात उतरले तेव्हा त्यांच्याबरोबर एडवर्ड विंब्रिज नावाचा इंग्रज चित्रकार-वास्तुविशारद होता. थिऑसॉफिकल सोसायटीच्या या मंडळींनी बिऱ्हाड केलं ते गिरगाव बॅक रोडवर, नेटिवांच्या वस्तीत. दुसऱ्याच वर्षी मंडळींत भांडणं झाली. विंब्रिज बाहेर पडला, परत मात्र गेला नाही. त्याने मुंबईतच फर्निचरचा धंदा काढला आणि 'विंब्रिज अँड कंपनी' हे उंची फर्निचरसाठीचं नामांकित नाव झालं. अध्यात्माच्या शोधात आलेला माणूस गिरगावातल्या भांडणामुळे मुंबईच्या दिवाणखान्यांत शिरला, ही गोष्ट आज गिरगावातही फारशी कोणाला ठाऊक नाही.

या सगळ्याच्या आधी मराठी घर जमिनीवर बसत होतं. पाट, चटई, सतरंजी, लोड-तक्के आणि ऐपत असेल तर झोपाळा. 'खुर्ची' हा शब्द अरबी 'कुर्सी'वरून फारसीतून आला, 'अलमारी' पोर्तुगिजांनी दिली. शब्द जुने असले तरी सामान्य घरात त्या वस्तू शिरल्या त्या एकोणिसाव्या शतकात. हायकोर्टातला वकील, सरकारी कचेरीतला कारकून, शाळामास्तर, डॉक्टर दिवसभर खुर्चीवर बसून घरी परतू लागले, तेव्हा घरातल्या बाहेरच्या खोलीत एक मेज आणि दोन खुर्च्या आल्या. आतल्या खोलीत मात्र पंगत पाटावरच बसत राहिली. विलायती वस्तू उंबऱ्याच्या आत किती येऊ द्यायची, हे त्या घरांनी स्वतः ठरवलं. घर सजवणाऱ्याने आज शिकावं असं यात बरंच आहे.

शिवाय ती वस्तू जशीच्या तशी घेतलीही नाही. लंडनच्या व्हिक्टोरियन खुर्चीत स्प्रिंगा असत, घोड्याचे केस भरलेले असत, वरून मखमल. मुंबईत जुलै-ऑगस्टात हवेतला दमटपणा 80 टक्क्यांच्या वर जातो. असली खुर्ची इथे दोन पावसाळ्यांत बुरसते आणि तिच्यात किडे होतात. म्हणून पाठीला आणि बैठकीला वेत आला. वेतातून वारा खेळतो, घाम सुकतो, फाटला तर पुन्हा विणता येतो. आरामखुर्चीचे हात लांब झाले, कारण दुपारी त्यांच्यावर पाय टाकून पडायचं होतं. पलंगाला चार खांब आले, कारण मच्छरदाणी बांधायची होती. मेजावर संगमरवर आला, कारण तो गार राहतो आणि चहा सांडला तर पुसता येतो. म्हणजे गिरगाव-दादरच्या घरांतली ही खुर्ची व्हिक्टोरिया राणीच्या काळातली असली तरी तिला घडवलं मुंबईच्या हवेने.

ही योजना किती अचूक होती ते पाहायचं असेल तर काळा घोड्याला डेव्हिड ससून लायब्ररीत जावं. 1870 मध्ये उभ्या राहिलेल्या त्या वास्तूच्या व्हरांड्यात लांब हातांच्या आरामखुर्च्यांवर सभासद पुस्तक वाचत पडलेले दिसतात. पुस्तक छातीवर ठेवून डोळे मिटलेलेही दिसतात. खाली रस्त्यावर मुंबई चाललेली असते. तिथे कोणी त्या खुर्च्यांपुढे दोरी बांधलेली नाही, 'हात लावू नये' अशी पाटी नाही. जुन्या वस्तूचा याहून मोठा मान कोणता?

लाकडाची गोष्ट याहून मोठी आहे आणि ती कोकणातून मुंबईत आलेल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवी.

सागवान आधी मलबारातून येई. मग ब्रह्मदेशातून येऊ लागला. 1863 मध्ये मुंबईत 'बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन' ही कंपनी स्थापन झाली. ब्रह्मदेशच्या जंगलांतला साग तोडून नदीतून खाली सोडायचा आणि विकायचा, हा तिचा मोठा धंदा. जेवढे ओंडके काढले तेवढ्यांचे पैसे भरले नाहीत, असा ठपका ठेवून 1885 मध्ये मंडालेच्या दरबाराने कंपनीला जबर दंड केला. इंग्रजांना निमित्त हवंच होतं. नोव्हेंबरात फौजा निघाल्या, महिनाअखेर मंडाले पडलं आणि 1 जानेवारी 1886 ला ब्रह्मदेश इंग्रजी राज्याला जोडला गेला. राजा थिबा याला कुटुंबासह हद्दपार केलं आणि ठेवलं ते रत्नागिरीत. तिथेच 1916 मध्ये तो वारला. रत्नागिरीचा थिबा पॅलेस आज पर्यटक पाहतात. पण त्याच सुमारास रत्नागिरीहून बोटीने मुंबईला येऊन गिरगावात बिऱ्हाड करणाऱ्या माणसाने घेतलेलं 'बर्मा टीक'चं टेबल आणि गावी कैदेत बसलेला तो राजा हे एकाच कहाणीचे दोन तुकडे आहेत, हे फार थोड्यांच्या ध्यानात येतं. ज्या लाकडापायी एक राज्य बुडालं ते लाकूड आज भंगाराच्या ढिगात पडतं.

तसा साग आता मिळणं कठीण. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कापलेली झाडं जंगलात सावकाश वाढलेली होती. त्यांचा रेषा दाट, तेल भरपूर, त्यामुळे वाळवी सहसा लागत नाही. शिसवाची अवस्था तर इतकी नाजूक झाली आहे की 2017 पासून त्याच्या साऱ्या कुळाचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइट्स' कराराच्या नियंत्रणाखाली आला आहे. नव्या सागाचं टेबल करायचं तर झाड तोडावं लागतं. जुनं दुरुस्त केलं तर नाही तोडावं लागत.

लालबाग-परळची बाजू वेगळी आहे आणि ती झाकून चालणार नाही. गिरणगावातल्या चाळींत व्हिक्टोरियन फर्निचर नव्हतं. 160 चौरस फुटांच्या बीडीडी खोलीत माणसंच मावत नसत, तिथे शिसवी कोच कुठला? पत्र्याची पेटी, भिंतीवरची मांडणी, एखादं बाकडं, बस्स. कोरीव खुर्च्या आणि मोठाली मेजं होती ती गिरणीच्या कचेरीत, मालकांच्या आणि मॅनेजरांच्या खोल्यांत. 1982 च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, यंत्रं भंगारात निघाली आणि कचेऱ्यांतल्या चीजवस्तूही पांगल्या. ज्यांच्या घामावर ती कचेरी उभी होती, त्यांच्या हाती त्यातलं काहीच आलं नाही. जुन्या फर्निचरच्या प्रेमात पडताना हा हिशेब डोळ्यांआड करू नये.

पण लालबागकडे स्वतःचं असं काही आहेच. 1897 मध्ये अर्देशीर गोदरेज यांनी कुलपांचा कारखाना सुरू केला तो लालबागमध्ये. त्याच कंपनीचं पोलादी कपाट 1923 मध्ये आलं आणि पाहता पाहता मुंबईच्या चाळींतून सागवानी कपाटाची जागा त्याने घेतली. मुलीच्या लग्नात गोदरेजचं कपाट देणं ही पुढच्या दोन पिढ्यांची रीत झाली. परळच्या घरात आजीच्या लग्नातलं ते हिरवट-करडं कपाट अजून उभं असेल, त्याची किल्ली अजून फिरत असेल, तर त्या घराचा वारसा तोच. त्याने गिरगावच्या शिसवी पलंगापुढे मान खाली घालण्याचं काही कारण नाही.

आता घर सजवण्याबद्दल. दादरच्या जुन्या इमारतीतला दोन खोल्यांचा ब्लॉक असो की पुनर्विकासात मिळालेलं 500 चौरस फुटांचं घर, त्यात 'व्हिक्टोरियन थीम' करणं हा चुकीचा मार्ग आहे. झुंबर, कोरीव कोच, सोनेरी चौकटीचा आरसा, ग्रामोफोनचा कर्णा, सगळं एकदम आणलं की घर नाटकाच्या सेटसारखं दिसतं आणि माणसाला पाय ठेवायला जागा राहत नाही. खुद्द इंग्लंडात त्या काळीच या गर्दीचा लोकांना वीट आला होता. चार्ल्स ईस्टलेक यांनी 1868 मध्ये घरसजावटीवर पुस्तक लिहून साधं, मजबूत, कामाचं फर्निचर करा असा आग्रह धरला आणि ते पुस्तक तिकडे घरोघर वाचलं गेलं.

एका खोलीत एक जुनी वस्तू पुरे. ती रोज वापरातली हवी. मेज असेल तर त्यावर मुलांनी अभ्यास करावा, कपाट असेल तर त्यात कपडे ठेवावेत. भिंती पांढऱ्या, बाकीचं सामान साधं, आणि मध्ये ते एक काळसर लाकूड. जागा फारच कमी असेल तर इराण्याच्या हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची शोधावी. तीही त्याच काळाची. व्हिएन्नाच्या मिखाएल थोनेटने 1859 मध्ये ती बाजारात आणली. सुटी केली तर अशा 36 खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत, म्हणूनच ती जगभर पोचली. धोबीतलावच्या 1904 सालच्या कयानीत बसून ब्रून मस्का खाल्लेल्या माणसाला तिची ओळख करून द्यायला नको. हलकी, एका हाताने उचलता येणारी, छोट्या घरासाठी याहून चांगली जुनी खुर्ची नाही.

विकत घेणाऱ्याने मात्र डोळे उघडे ठेवावेत. चोर बाजारात आणि ओशिवऱ्याच्या फर्निचर बाजारात अस्सल जुन्याच्या शेजारी नवं करून जुनं दाखवलेलंही उभं असतं. ओळखायच्या खुणा साध्या आहेत. वस्तू उलटी करावी. वर्षानुवर्षं हवा लागलेलं लाकूड खालून एकसारखं काळवंडलेलं असतं. रंग लावून केलेला काळेपणा डागांडागांचा दिसतो. खण बाहेर ओढून कोपऱ्याचे सांधे पाहावेत. हाताने कापलेले दाते थोडे लहान-मोठे असतात, यंत्राचे सगळे सारखे. गोल टेबल असेल तर मापपट्टी घ्यावी. लाकूड रेषेच्या आडवं आकसतं, लांबीत फारसं नाही. त्यामुळे शंभर वर्षांचं गोल टेबल आता किंचित लंबगोल झालेलं असतं. तंतोतंत गोल भरलं तर शंका घ्यावी.

दुरुस्तीत सर्वांत जास्त नासधूस होते ती हौसेने. जुने सांधे जोडलेले असत सरसाने. सरस ऊब आणि ओलाव्याने सुटतो, त्यामुळे खुर्ची खिळखिळी झाली तर जाणता सुतार सांधे मोकळे करतो, साफ करतो आणि पुन्हा बसवतो. लाकडाला इजा होत नाही. त्यात आजचा पांढरा गोंद ओतला किंवा लोखंडी खिळे ठोकले की पुढच्या सुताराला लाकूड फोडल्याशिवाय हातच घालता येत नाही. पॉलिशचंही तसंच. जुनं पॉलिश लाखेचं, चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर चढवलेलं. ते पॉलिश पेपरने घासून काढून वर चकचकीत मेलामाइन मारलं की शंभर वर्षांच्या हातांनी आलेली झिलई एका दुपारी नाहीशी होते. ती परत आणता येत नाही. कोरड्या मऊ फडक्याने पुसायचं, भिंतीच्या ओलीपासून चार बोटं दूर ठेवायचं, पावसाळ्यात दार अडकलं म्हणून लगेच रंधा मारायचा नाही. ऑक्टोबरात ते आपोआप मोकळं होतं.

वेताच्या विणीचा मुंबईला एक जुना वारसा आहे. अंधांच्या शाळा आणि कार्यशाळांतून खुर्च्या विणण्याचं काम शिकवलं जात असे; ताडदेवला तर 1902 पासून व्हिक्टोरिया मेमोरियल स्कूल फॉर द ब्लाइंड आहे. बोटांनी भोकं चाचपत सहा पदरी वीण घालणारे हे कारागीर सरकारी कचेऱ्यांच्या हजारो खुर्च्यांना पाठ देत आले. प्लॅस्टिकच्या खुर्च्यांनी ते काम ओसरलं. फाटलेल्या वेताची खुर्ची टाकून देण्याआधी अशा कार्यशाळेची चौकशी केली तर खुर्ची वाचते आणि एका कुशल माणसाला काम मिळतं.

किमतीचा मोह धरून कोणी हे करू नये, हेही सांगायला हवं. ब्रिटन-अमेरिकेत गेल्या वीस-पंचवीस वर्षांत अशा गडद जुन्या फर्निचरचे भाव चांगलेच उतरले आहेत. घरं लहान झाली, आवडी बदलल्या. इथून बाहेर पाठवून पैसे करण्याची वाटही मोकळी नाही. 1972 च्या पुरावस्तू कायद्याखाली शंभर वर्षांहून जुन्या पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाहीत. ठेवायचं ते घरासाठी.

आणि इथेच सरकार, म्हाडा आणि विकासकांना एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. मुंबईला 1995 पासून वारसा नियमावली आहे. ती इमारतीचा दर्शनी भाग, कमानी, गॅलऱ्या पाहते. आतल्या कपाटाला, बाकाला, झोपाळ्याला तिच्यात स्थान नाही. शहरात मूळ 19,642 उपकरप्राप्त इमारती नोंदल्या होत्या. त्या पडत आहेत, पाडल्या जात आहेत आणि प्रत्येकीबरोबर शेकडो वस्तू बेपत्ता होत आहेत. त्यांची साधी यादीही होत नाही. बांधकाम परवानगी मागताना झाडं मोजावी लागतात. मग चाळ पाडण्याआधी आठ दिवस काढून तिच्यातल्या शंभर वर्षांपूर्वीच्या वस्तूंचे फोटो आणि नोंदी करून घ्यायला कोणती अडचण आहे? नव्या इमारतीत व्यायामशाळा आणि पार्टी हॉल असतोच. त्या हॉलमध्ये चाळीचं जुनं बाकडं, सत्यनारायणाला बाहेर निघणारं सागवानी टेबल, वाचनालयाचं काचेचं कपाट ठेवावं, अशी अट रहिवाशांनी करारात घालून घ्यावी. विकासकाला त्याचा खर्च काहीच नाही.

एकट्या माणसाने काय होतं, असं म्हणणाऱ्याने पुण्याला जाऊन केळकर संग्रहालय पाहावं. दिनकर गंगाधर केळकर वाडे पडत असताना दरवाजे, दिवे, अडकित्ते, पेटारे गोळा करत फिरले. लोक ज्याला अडगळ म्हणत होते ते त्यांनी जपलं आणि 1975 मध्ये हजारो वस्तूंचा तो संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हवाली केला. सरदारांच्या तलवारींइतकीच घरातल्या बाईच्या हाताखालच्या वस्तूंना तिथे जागा आहे. मुंबईच्या चाळींसाठी असा माणूस अजून उभा राहिलेला नाही. तो येईपर्यंत हे काम घराघरालाच करावं लागेल.

ज्यांच्या चाळीला नोटीस लागली आहे, त्यांना एवढंच सांगणं आहे. टेम्पो ठरवण्याआधी घरातली जुनी खुर्ची उलटी करून पाहा, तिच्या खालच्या लाकडाचा फोटो काढा, ती कोणी आणि कधी घेतली हे घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला विचारून कागदावर लिहा आणि तो कागद बैठकीखाली चिकटवा. मग तिची लांबी-रुंदी मोजा. नव्या इमारतीच्या लिफ्टचं दार मोजा. आणि घराचा नकाशा हातात येईल तेव्हा टीव्हीची भिंत ठरवायच्या आधी खिडकीजवळची तिची जागा पेन्सिलीने आखून ठेवा.